खिशात ठेवलेली चिठ्ठी

बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं आणि जेवणानंतर छोटे छोटे गट आपापल्या खोल्यांत जाऊन बसतात. डॅलसच्या उत्तरेला पसरत गेलेल्या उपनगरांपैकी एक उपनगर, सदर्न बाप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी, विटांची बैठी इमारत आणि इमारतीपेक्षा मोठं पार्किंग. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजतं आणि आत एसी इतका, की बायका पर्समध्ये स्वेटर ठेवतात. आमच्या खोलीत करडा गालिचा आहे, कडेला कॉफीचं मोठं भांडं, मधल्या टेबलावर वेताची टोपली. ज्याला जी प्रार्थना हवी ती त्यानं चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायची, नाव घालायची सक्ती नाही. शास्त्राभ्यास संपला की आमचे गटप्रमुख एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचतात आणि कुणीतरी त्या विषयावर प्रार्थना करतो. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाचं दारूचं व्यसन, कुणाची बायोप्सी. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारी त्यांनी एक चिठ्ठी उघडली, मनातल्या मनात वाचली, परत घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ही जरा राजकीय आहे," असं हळूच म्हणून त्यांनी पुढची उघडली. ती राष्ट्राध्यक्षांसाठी होती. देवानं त्यांचं रक्षण करावं, त्यांच्या विरोधकांचे बेत निष्फळ करावेत. ती वाचली गेली, एका भावानं मनापासून प्रार्थना केली, सगळ्यांचं आमेन झालं.

खिशातली चिठ्ठी कुणाची ते मला पार्किंगमध्ये कळलं. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मापासून बाप्टिस्ट. गाडीची किल्ली पर्समध्ये शोधता शोधता त्या मला सांगत होत्या. आमच्याच इमारतीत रविवारी दुपारी स्पॅनिश मंडळी भरते. तिथला एक माणूस, घरांच्या छपरांची कामं करणारा, कामावर असतानाच इमिग्रेशनवाल्यांनी उचलला. घरी बायको आणि लहान मुलं. "मी कायदा बदला असं लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "मुलं नीट जेवावीत आणि आईला झोप लागावी, एवढंच लिहिलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपल्या स्वतःच्या घरात पाय ठेवावा आणि तिथल्या वस्तू कुणीतरी हलवून ठेवलेल्या दिसाव्यात, तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं.

तेव्हापासून ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचे गटप्रमुख कठोर मनाचे असते तर सोपं झालं असतं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, वीज गेली, आमच्या छतातला पाइप फुटला आणि हॉलमध्ये पाणी कोसळायला लागलं, तेव्हा पहिला फोन मी त्यांना केला. बर्फावरून गाडी चालवणं धोक्याचं होतं, तरी ते पाना आणि टॉर्च घेऊन आले, रस्त्याकडेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेले, कारण त्यांच्याकडे गॅसची शेगडी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझी आई नगरला वारली. विमानं मिळत नव्हती, मिळाली असती तरी पोहोचणं शक्य नव्हतं. दफनविधी व्हॉट्सअॅपवर पाहिला. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, आणि सोफ्यावर माझ्या शेजारी गटप्रमुख आणि त्यांची बायको बसलेले. पाळक मराठीत प्रार्थना करत होते, मागे कुणीतरी 'उपासना संगीत' या आमच्या मराठी गीतसंग्रहातलं गाणं म्हणत होतं, नेटवर्क तुटत होतं. या दोघांना एक अक्षर कळत नव्हतं. शेवटपर्यंत उठले नाहीत. पहाटे त्यांच्या बायकोनं माझ्या स्वयंपाकघरात चहा केला, पातळ आणि साखर जास्त, पण केला. त्या माणसानं ती चिठ्ठी खिशात ठेवली.

म्हणून मला तो 'राजकीय' समजून घ्यायचा होता. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर आणि वैयक्तिक तारणावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, लोकांविषयी भारतातल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना मला नेहमी जाणवतं की त्यांच्यापर्यंत फक्त एक आकडा पोहोचलेला असतो. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८१ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं होतं. आकडा खरा आहे, आणि नंतरच्या निवडणुकांतही चित्र फार बदललेलं नाही. पण त्या आकड्याच्या आत जे धुमसत असतं ते बाहेरून दिसत नाही. जेवणाच्या टेबलावरून उठून गेलेले मुलगे, नोकरी सोडलेले पाळक, चाळीस वर्षं संडे स्कूल शिकवून अचानक शेवटच्या बाकावर बसायला लागलेल्या बायका. आणि 'गोऱ्या' हा शब्द त्या आकड्यातून गळला की सगळंच चुकतं. विश्वासातून होणारा आत्मिक पुनर्जन्म, क्रूस, बायबलचा अधिकार या सगळ्या गोष्टी तितक्याच निष्ठेनं मानणारी काळी मंडळी बहुसंख्येनं नेमकं उलटं मत देते, अनेक दशकं देत आली आहे. श्रद्धा तीच, बायबल तेच. मग जी गोष्ट वेगळी आहे, ती श्रद्धेतून आलेली असेल का?

आमच्या डॅलसमध्येच १९८० च्या ऑगस्टमध्ये एक मोठा मेळावा भरला होता, रीयुनियन अरीनामध्ये. हजारो पाळक आणि विश्वासणारे जमले होते. उमेदवार रॉनल्ड रेगन त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहीत आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. आमच्या मंडळीतल्या जुन्या लोकांपैकी काही जण तिथे हजर होते आणि अजून त्या संध्याकाळबद्दल उजळलेल्या चेहऱ्यानं बोलतात. आपल्याला कुणीतरी पाहिलं, ओळखलं, असं त्यांना वाटलं होतं. ती भावना मी समजू शकते. मात्र त्या निवडणुकीत ज्याला हरवायचं होतं तो माणूस कोण होता? जिमी कार्टर. स्वतःला उघडपणे पुनर्जन्म झालेला ख्रिस्ती म्हणवणारा, बाप्टिस्ट, संडे स्कूलचा शिक्षक. १९७६ साली ज्याच्यामुळे 'न्यूजवीक'नं ते वर्ष इव्हँजेलिकलांचं वर्ष ठरवलं, तोच. त्याची आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे आपल्या विक्रोळीत येऊन गोदरेज कॉलनीत परिचारिकेचं काम करत होती, हे मला नगरला असताना माहीत नव्हतं, इथे आल्यावर कळलं. कार्टर राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावरही जॉर्जियातल्या प्लेन्स या छोट्या गावात नव्वदी उलटेपर्यंत संडे स्कूल घेत राहिले. २००० साली, स्त्रियांच्या स्थानाबाबतचे ठराव सहन न होऊन, त्यांनी सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनशी, म्हणजे आमच्या पंथाच्या मध्यवर्ती संघटनेशी, नातं तोडलं. प्रभूशी नातं मात्र २०२४ च्या डिसेंबरात, शंभराव्या वर्षी डोळे मिटेपर्यंत टिकलं. ज्यांनी त्यांना नाकारलं त्यांना ते कधी पुरेसे 'आपले' का वाटले नाहीत, हा प्रश्न मला या सगळ्याच्या मुळाशी दिसतो.

इथे गर्भपाताचं नाव काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मी ते टाळणार नाही. या प्रश्नावर माझं मन आमच्या गटाच्या बरंच जवळ आहे. नगर जिल्ह्यात सोनोग्राफीनंतर न जन्मलेल्या मुली माझ्या पिढीनं शेजारच्या घरांत पाहिल्या आहेत, पोटातल्या जिवाचा प्रश्न मला कधीच नुसता हक्काचा वाटला नाही. पण इतिहास वाचताना मी थबकले. १९७१ साली सेंट लुइसमध्ये याच सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शननं ठराव केला होता, की बलात्कार, रक्तसंबंधातला अत्याचार, गर्भातलं गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक, भावनिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी देणारा कायदा व्हावा म्हणून सभासदांनी काम करावं. गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालाचं डॅलसच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चच्या डब्ल्यू. ए. क्रिसवेल यांनी स्वागत केलं होतं, आणि ते त्या काळातले अत्यंत कर्मठ पाळक होते. दहा वर्षांच्या आत सगळं फिरलं. इतिहासकार रँडल बामर यांचं म्हणणं असं, की या चळवळीच्या पुढाऱ्यांना आधी पेटवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं: वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत सरकारनं काढून घ्यायला सुरुवात केली त्यानं. बॉब जोन्स विद्यापीठाचा खटला १९८३ पर्यंत सुप्रीम कोर्टात चालला आणि विद्यापीठ हरलं. बामर यांचं सगळं मला पटतं असं नाही, कारण माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका दर आठवड्याला गरोदर मुलींसाठी डायपर आणि दूध गोळा करतात, त्यांच्या डोक्यात करसवलत नसते. पण आज ज्याला श्रद्धेची कसोटी मानतात ती १९७१ मध्ये कसोटी नव्हती, हे मी आता विसरू शकत नाही.

माझी आजी बायबल बाई होती. नगर तालुक्यातल्या खेड्यांतून पायी फिरायची, खांद्यावरच्या पिशवीत शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका आणि शिदोरी. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं तिला तोंडपाठ होती आणि ती ओवीच्या चालीवर म्हणायची, जात्यावर बसलेल्या बायकांबरोबर. आम्ही मूळचे महारवाड्यातले. अमेरिकन मराठी मिशननं आमच्या घराण्यात अक्षर आणलं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती मी कुणासमोरही लपवत नाही. पण आजी हेही सांगायची, की मिशनरी साहेबांच्या बंगल्यावर गेलं की कुठल्या दारानं आत जायचं ते ठरलेलं असायचं. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला, तेव्हा त्यांना ख्रिस्त नको झाला नव्हता, त्यांना ख्रिस्त आणि आपल्यामध्ये बंगला नको होता. आणि आपल्या माणसांचंही सांगते. बंगल्याचं दार सांगणारी आमची मंडळी लग्न ठरवताना कुणाची कुठली वाडी हे विचारायची, अजून विचारते. प्रभुभोजनाचा पेला एकच, सोयरीक वेगळी. सरकारदरबारी १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही, पण गावाच्या आणि मंडळीच्या हिशेबात त्याची जात कुठे जात नाही. इथल्या वर्णभेदाविषयी मी जे लिहिते आहे ते या आठवणीसकट लिहिते आहे.

सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचा जन्म १८४५ सालचा, जॉर्जियातल्या ऑगस्टा इथला, आणि फाटाफूट झाली ती गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही या वादावरून. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, कन्व्हेन्शननं त्याबद्दल ठराव करून क्षमा मागितली. २०१२ साली फ्रेड ल्यूटर हे पहिले काळे अध्यक्ष निवडून आले. ती दोन्ही पावलं मनापासून टाकलेली होती असं मला वाटतं. मग २०१७ मध्ये फिनिक्सला अधिवेशन भरलं. आमच्या शेजारच्याच आर्लिंग्टनचे काळे पाळक ड्वाइट मकिसिक यांनी गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा निषेध करणारा ठराव पाठवला होता, तो समितीनं आधी पटलावरच येऊ दिला नाही. गदारोळ झाला, भाषा बदलली, दुसऱ्या दिवशी ठराव जवळजवळ एकमतानं मंजूर झाला. पण त्या मधल्या रात्रीत किती काळ्या बाप्टिस्टांना काय वाटलं असेल! २०२० च्या नोव्हेंबरात पाळक घडवणाऱ्या सहा सेमिनरींच्या प्रमुखांनी एकत्र निवेदन काढून क्रिटिकल रेस थिअरी, म्हणजे वर्णभेद कायद्यांत आणि व्यवस्थेतच मुरलेला असतो ही मांडणी, आपल्या विश्वासाशी विसंगत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता आणि निवेदनासाठी हाच क्षण, हाच विषय निवडला गेला. ह्यूस्टनचे राल्फ वेस्ट आणि शिकागोचे चार्ली डेट्स यांनी डिसेंबरात कन्व्हेन्शनशी संबंध तोडले. दोघेही बायबल तंतोतंत मानणारे. बाहेर मात्र ते गेले.

बेथ मूर यांचं जाणं मला जास्त लागलं, कारण त्यांच्या पुस्तिकांवर मी इथे आल्यावर माझा पहिला शास्त्राभ्यास केला. परक्या देशात, मूल लहान, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि मंगळवारी सकाळी दहा-बारा बायका एका स्वयंपाकघरात बसून बेथ मूरचा व्हिडिओ लावायच्या. ह्यूस्टनची ही बाई इतकी जीव ओतून बोलायची की मला आजी आठवायची. २०१६ च्या ऑक्टोबरात बायकांच्या अंगाला हात घालण्याच्या बढाया मारणारी ट्रम्प यांची ध्वनिफीत बाहेर आली, आणि बेथ मूरनी लिहिलं की अत्याचार सोसलेल्या बायकांना हे ऐकून काय होतं ते पुढाऱ्यांना कळत नाही का. लहानपणी स्वतः अत्याचार सोसलेली ही बाई कुणाला मत द्या असं सांगत नव्हती. तरी तिची पुस्तकं खपेनाशी झाली, कार्यक्रम रिकामे जाऊ लागले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत व्यासपीठावर जॉन मॅकार्थर या नावाजलेल्या पाळकांना बेथ मूर या नावावर एक-दोन शब्दांत प्रतिक्रिया विचारली गेली. "घरी जा," असं ते म्हणाले आणि सभागृह हसलं. मार्च २०२१ मध्ये तिनं सदर्न बाप्टिस्ट मंडळी सोडली. त्यानंतर चौदा महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, कन्व्हेन्शननंच नेमलेल्या चौकशीचा २८८ पानांचा अहवाल आला. अत्याचार झालेल्या बायका वर्षानुवर्षं दार ठोठावत होत्या, त्यांना झिडकारलं गेलं, आणि आत मात्र आरोपी पाळकांची शेकडो नावांची यादी गुपचूप ठेवलेली होती. त्या रात्री मी अहवाल वाचत होते आणि मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवत होत्या. १८८५ साली इंग्लंडमध्ये, चेल्टनहॅमला असताना, रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही यावर बिशप मंडळींनी हरकत घेतली. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट कळवलं. रमाबाई बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती! आणि पुढे त्यांनीच मुक्ती मिशन उभं केलं, सबंध बायबल मराठीत आणलं. घरी जायला सांगितलेल्या बायकांची ही रांग फार जुनी आहे.

रसेल मूर यांचं एक बोलणं मी अनेकदा आठवते. ते कन्व्हेन्शनच्या सार्वजनिक धोरण विभागाचे प्रमुख होते, ट्रम्पविरोधी भूमिकेमुळे शंभरावर मंडळ्यांनी निधी रोखण्याची भाषा केली, २०२१ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढे 'ख्रिश्चॅनिटी टुडे'चे संपादक झाले. त्यांनी २०२३ मध्ये सांगितलं, की अनेक पाळक त्यांना एकच अनुभव सांगतात. बोलताना ओघात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला दुसरा गाल पुढे करण्याचा उल्लेख आला, की नंतर कुणीतरी येऊन विचारतं, ही डाव्यांची भाषा कुठून आणलीत? हे येशूचे शब्द आहेत असं सांगितलं तर, हो, पण आता ते चालत नाही, ते दुबळं आहे, असं उत्तर मिळतं. आमच्या शब्बाथ शाळेत हा अध्याय पाठ असल्याशिवाय वरच्या वर्गात पाठवत नसत. आम्ही दुबळेच होतो, त्यामुळे ते शब्द दुबळे आहेत असं कधी कुणाला वाटलंच नाही.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्काही नाहीत. शाळेत मुली विचारायच्या, तुम्ही घरी इंग्रजी बोलता का, तुमचा देश कुठला. पप्पा म्हणायचे, सांग, आपण नगरचे. सत्ता आपल्या बाजूची असेल ही कल्पनाच आमच्या श्रद्धेत नव्हती, तिच्याशिवाय नाताळ यायचा, ईस्टरची पहाटफेरी निघायची, माणसं प्रार्थना करायची. इथे प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रौढ २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. सदर्न बाप्टिस्टांची सभासदसंख्या २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख होती, ती २०२४ मध्ये १ कोटी २७ लाखांवर आली. आमच्या गटातल्या लोकांना हे आकडे माहीत आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी आहे. त्यांची नातवंडं चर्चला येत नाहीत. ज्या गावात रविवारी दुकानं बंद असायची तिथे आता नाश्त्याच्या जागांपुढे रांगा असतात. आपण पाहुणे होतो आहोत असं त्यांना वाटतं. मला त्यांना सांगावंसं वाटतं की पाहुण्यासारखं राहूनही श्रद्धा जगते, मी तशाच घरातून आले आहे. पण ज्यानं घर स्वतःचं मानलं त्याला हे सांत्वन वाटत नाही, हेही मला कळतं.

आणि तरी एक गोष्ट मला सोडत नाही. काही वर्षांपूर्वी मीच त्या टोपलीत एक चिठ्ठी टाकली होती. आमच्या नात्यातल्या एका घरी शुक्रवारची प्रार्थनासभा चालू असताना काही तरुण घुसले, धर्मांतर चाललंय म्हणून ओरडले, पेटी फोडली. पोलिसांनी उलट घरच्यांनाच बसवून ठेवलं. ते मी लिहिलं. गटप्रमुखांनी वाचलं, वाचताना त्यांचा आवाज अडखळला, सगळे गुडघ्यांवर आले. भारतातल्या सरकारसाठी, पोलिसांसाठी, कायद्यासाठी नावानिशी प्रार्थना झाली. तेव्हा कुणीही त्या चिठ्ठीला राजकीय म्हटलं नाही.

मी हे त्यांच्यासमोर मांडलं. शनिवारी सकाळी, त्यांच्या अंगणात, ते मांस धुरावर लावत होते. त्यांनी ऐकून घेतलं. गटात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, ती चिठ्ठी वाचली असती तर भांडण होऊन गट फुटला असता, असं ते म्हणाले. त्या कुटुंबासाठी आपण घरी रोज प्रार्थना करतो, असंही म्हणाले, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. मी विचारलं, मग माझी चिठ्ठी? ते म्हणाले, ती वेगळी होती, तिथे आपल्या विश्वासातल्या लोकांचा छळ होत होता. मी म्हटलं, हा छपरं घालणारा माणूसही आपल्या विश्वासातला आहे, त्याचा बाप्तिस्मा आपल्याच हौदात झाला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तो इथे यायलाच नको होता." त्यांची बायको आतून लिंबाचं सरबत घेऊन आली आणि तिनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

१९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला बिली ग्रॅहम या अमेरिकन सुवार्तिकाच्या पुढाकारानं जगभरचे इव्हँजेलिकल जमले होते. तिथे इक्वाडोरचे रेने पादिया आणि पेरूचे सॅम्युएल एस्कोबार यांनी उभं राहून सांगितलं, की अमेरिकन जीवनशैली म्हणजे सुवार्ता नव्हे, आणि न्यायाचा प्रश्न सुवार्तेतून वगळता येत नाही. लोझानच्या करारात समाजाप्रती जबाबदारीचं कलम आलं, आधीच्या दुर्लक्षाबद्दल पश्चात्तापही नोंदवला गेला. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी हे पन्नास वर्षांपूर्वी याच कुटुंबात, याच टेबलावर सांगितलं होतं. कुणी नव्यानं शोधलेली डावी कल्पना नाही ही. आमच्या इमारतीत त्यांचे भाईबंद दुपारी भरतात आणि आमची पार्किंगची जागा रिकामी झाल्यावर येतात.

माझी मुलगी ह्यूस्टनला शिकते. ती आता इव्हँजेलिकल म्हणवून घेत नाही. तिच्या वर्गातले बरेच जण घेत नाहीत, प्रिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटनेनं तर २०१७ मध्येच नावातून तो शब्द काढला. ती एका काळ्या बाप्टिस्ट मंडळीत जाते. तिथे निवडणुकीच्या आधीच्या रविवारी उपासना संपली की थेट बसमध्ये बसून मतदानाला जातात, पाळक व्यासपीठावरून मतदार नोंदणीच्या तारखा सांगतात. गेल्या महिन्यात फोनवर तिनं मला कोंडीत पकडलं. "मम्मी, आमच्याकडे तर सगळंच राजकीय असतं. मग तुझ्या गटानं केलं तर चूक आणि आमच्याकडे बरोबर, असं कसं?" प्रश्न रास्त आहे. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे ज्यांच्यावर कायदा कोसळतो ते आपल्यासाठी प्रार्थना मागतात. आमच्याकडे ज्यांच्या हातात कायदा आहे ते ठरवतात की कुणासाठी मागायची. तिला हे अर्धंच पटलं. ती म्हणाली, उद्या आमच्या हातात आला तर? त्यावर माझ्याकडे भरवशाचं उत्तर नाही, कारण नगरमध्ये आमच्याच हातात जेव्हा थोडंसं काही आलं, मंडळीची कमिटी, शाळेतल्या नेमणुका, बंगल्याच्या किल्ल्या, तेव्हा आम्ही काय केलं ते मी पाहिलेलं आहे. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, की तू ते चर्च सोडत का नाहीस. माझ्या पप्पांना विचारलं तर ते म्हणतात, मंडळी सोडायची नसते, मंडळीत बोलायचं असतं, टिळकांनी मिशन सोडलं, मंडळी नाही. मुलीला हे म्हाताऱ्या माणसांचं समाधान वाटतं. ती म्हणते, बेथ मूरनं तर सोडली, कार्टरनं सोडली, आणि त्यांनी प्रभूला सोडलं असं तू म्हणू शकत नाहीस. म्हणू शकत नाही. या वादात आम्ही दोघी अजून आहोत, आणि त्या निवृत्त शिक्षिका बाईंनी परवा मला विचारलं, की स्पॅनिश मंडळीच्या दुपारच्या उपासनेला त्यांच्याबरोबर येशील का. त्यांना भाषा येत नाही, मलाही येत नाही. मी हो म्हटलं आहे, आणि गटप्रमुखांनाही तसं सांगितलं आहे.